पुढची पायरी कुठाय?

लाकडाची एक छोटी चौकट, तिच्यात तारेवर ओवलेले मणी आणि शेजारी एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने बनवलेलं हे श्वास मोजायचं साधन आहे. घड्याळ उलटं करायचं, बाळाच्या पोटाकडे नजर लावायची आणि दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर न्यूमोनिया धरायचा. तान्ह्या बाळाचा श्वास मुळातच जलद असतो, म्हणून दोन महिन्यांच्या आतल्या बाळांसाठी मण्यांची ओळ वेगळी आणि मोठ्यांसाठी वेगळी. ज्या सुईणीला दहाच्या पुढे आकडे येत नाहीत तिलाही निदान करता यावं, हा त्यामागचा हिशेब. पुढे याच जिल्ह्यातल्या ३९ गावांत पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या बायका ‘आरोग्यदूत’ झाल्या. त्या बाळाचं वजन करायला शिकल्या, जन्मतः गुदमरलेल्या बाळाला श्वास द्यायला शिकल्या, आणि जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखून घरातच जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायलाही शिकल्या. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये या प्रयोगाचे निष्कर्ष छापून आले. तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने या गावांतले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. २०११पासून हीच पद्धत, इंजेक्शनचा भाग वगळून, ‘आशां’मार्फत देशभर नेण्यात आली.

या प्रयोगावर भरपूर लिहून झालं आहे आणि बहुतेक लिखाण बाळांबद्दल आहे. ते योग्यच. पण त्याच पुराव्यातून निघणारी दुसरी गोष्ट फारशी कुणी उचलली नाही. आठवी शिकलेली, डोंगराआडच्या गावातली बाई नवजात अर्भकाचा जंतुसंसर्ग ओळखू शकते हे सिद्ध झालं, तेव्हा ती आणखी काय काय शिकू शकली असती? आजच्या आशाताईचं उदाहरण घ्या. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी तिने ४२ दिवसांत सहा भेटी द्यायच्या, वजन-ताप नोंदवायचा, फॉर्म भरायचा. सगळ्या भेटी पूर्ण झाल्या की एका बाळामागे २५० रुपये. सरकारी कागदावर ती ‘स्वयंसेविका’. पंधरा वर्षांपूर्वीही ती तेच होती आणि पंधरा वर्षांनीही तेच असेल. फार तर गटप्रवर्तक होईल, तेही मानधनावर. तिच्या कामाला दार आहे, पण दारातून आत गेल्यावर जिना नाही. आरोग्यक्षेत्र वंचितांना आत घेत नाही, हे खरं तर अर्धंच दुखणं आहे. तळमजल्यावर ते हजारोंनी घेतं. वर जायची वाट मात्र बांधत नाही, आणि आधी जी बांधलेली होती ती आपणच मोडून टाकली.

दर वर्षी ‘नीट’चा निकाल लागला की वर्तमानपत्रांत काही ठरलेल्या बातम्या येतात. ऊसतोड मजुराचा मुलगा डॉक्टर होणार, धुणीभांडी करणाऱ्या बाईची मुलगी वैद्यकीयला लागली. त्या मुलांचं कौतुक करावं तेवढं थोडंच. पण ही बातमी होते ती दुर्मीळ असते म्हणून, हे आपण सोयीने विसरतो. डॉक्टरांचा मुलगा डॉक्टर झाला तर त्याचा फोटो कुणी छापत नाही. त्याच्यासाठी वाट आधीच मळलेली असते. कुठला क्लास लावायचा, कुठला फॉर्म कधी निघतो, दुसऱ्या फेरीत काय करायचं, हे सगळं जेवणाच्या ताटावर कळतं. मजुराच्या मुलीला हे प्रत्येक पाऊल नव्याने शोधावं लागतं आणि त्यातलं एक चुकलं की वर्ष जातं. असामान्य मुलं कशातूनही वाट काढतात. व्यवस्थेची परीक्षा सामान्य हुशारीच्या मुलीवर घ्यायची असते: बारावीला साठ टक्के मिळवलेली, रक्ताला न घाबरणारी, गावात कुणी आजारी पडलं की जिला आधी हाक मारतात ती. तिचं काय होतं?

तिचं बऱ्याचदा कागदपत्रांपाशीच अडतं. अनुसूचित जमातीच्या जागेवर व्यावसायिक अभ्यासक्रमात प्रवेश घ्यायचा तर महाराष्ट्रात नुसता जातीचा दाखला चालत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी कुटुंब ६ सप्टेंबर १९५० च्या आधीपासून त्या जमातीचं आणि या राज्यातलं आहे, हे दाखवणारा पुरावा हवा. अनुसूचित जातींसाठी तारीख १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१. पुरावा म्हणजे आजोबा-पणजोबांच्या शाळेचा दाखला, जुनी महसुली नोंद, असं काहीतरी. आता भामरागडकडच्या माडिया माणसाने १९५० च्या आधी कुठल्या शाळेत नाव घातलं असेल? आणि जो समाज तांडा-पालं घेऊन फिरत होता, त्याच्या नावावर सातबारा कुठून यायचा? ही तपासणी उगाच आलेली नाही. खोट्या आदिवासी दाखल्यांवर हजारो खऱ्यांच्या जागा लाटल्या गेल्या, म्हणून ती आली. तपासणी हवीच. मात्र तिचा भार अगदी चुकीच्या खांद्यावर आहे. आश्रमशाळेत पहिलीपासून सरकारच्याच पटावर असलेल्या मुलीचे कागद सरकारने आठवी-नववीतच गोळा करायला कुणी अडवलं आहे? त्याऐवजी ती बारावीनंतरच्या ऐन धांदलीत बापाला घेऊन सेतू केंद्र, तहसील आणि समितीचं कार्यालय अशा चकरा मारते, आणि बापाची त्या दिवसांची मजुरी बुडते.

पैशांचंही तसंच. २०२४ साली राज्याने आठ लाखांच्या आतल्या उत्पन्न गटातल्या, इतर मागास, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींचं व्यावसायिक शिक्षणाचं शुल्क पूर्ण माफ केलं. अनुसूचित जाती-जमातींसाठी शिष्यवृत्ती आधीपासून आहेच. निर्णय चांगला. पण शुल्क हा खर्चाचा एक तुकडा असतो. मेस, खोलीची अनामत, गणवेश, पुस्तकं, एस.टी.चा पास आणि मुख्य म्हणजे शिकण्याच्या वर्षांत घरात न येणारी मजुरी, हा सगळा हिशेब शुल्कमाफीत बसत नाही. त्यातून शिष्यवृत्तीची रक्कम वर्ष सरता सरता जमा होते आणि मेसचा मालक दर महिन्याच्या एक तारखेला उभा असतो. ज्या घरात चार महिन्यांची शिल्लक नसते, तिथे उशिरा आलेला पैसा न आल्यासारखाच.

वाट कशी तयार होते हे पाहायचं तर आपल्याच रुग्णालयांत पाहावं. मुंबई-पुण्याच्या वॉर्डात निदान दोन पिढ्या मल्याळी सिस्टर दिसत आल्या. मल्याळी मुलींच्या अंगातच सेवाभाव असतो, असं त्याचं स्पष्टीकरण आपल्याकडे सर्रास दिलं जातं. हा शुद्ध आळशीपणा आहे. केरळात मिशनच्या रुग्णालयांना जोडून नर्सिंगच्या शाळा होत्या. शिकताना राहायची-जेवायची सोय होती, हातात थोडं विद्यावेतन पडत होतं, आणि शिक्षण संपलं की नोकरी कुठे मिळेल हे आधी गेलेल्या मुलीच्या पत्रातून कळत होतं. थोरलीने धाकटीला नेलं, धाकटीने शेजारणीला. परक्याचं शरीर हाताळायचं म्हणून उच्च मानल्या गेलेल्या जातींनी ज्या कामाला नाक मुरडलं, ते गरीब ख्रिस्ती घरांनी उचललं आणि त्यावर घरं उभी केली. पुढे खासगी महाविद्यालयं फोफावली, मुली कर्ज काढून शिकू लागल्या, रुग्णालयं बाँडच्या नावाखाली त्यांची मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवू लागली, तशी तीच वाट काटेरी झाली. महाराष्ट्रालाही हे अनोळखी नव्हतं. १९०९ मध्ये रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन उभं केलं, तेव्हा विधवा आणि निराधार बायकांना ससून रुग्णालयात परिचारिकेचं शिक्षण मिळावं यासाठी त्यांनी खटपट केली. वसतिगृह, शिक्षण आणि कामाची हमी, तिन्ही एकत्र. आज शंभरहून अधिक वर्षांनी आपण या तिन्ही गोष्टी तीन वेगवेगळ्या खात्यांकडे देऊन टाकल्या आहेत.

आता मोडलेल्या जिन्याबद्दल. जुन्या पिढीतल्या लोकांना तालुक्याच्या गावातल्या डॉक्टरांच्या पाट्या आठवत असतील: एल.सी.पी.एस., एल.एम.पी. हे पदवीधर नव्हे, परवानाधारक डॉक्टर. अभ्यासक्रम एम.बी.बी.एस.पेक्षा छोटा आणि स्वस्त; मुंबईचं कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स १९१२ पासून अशा पात्रता देत होतं. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर देशात जेमतेम ४७,५०० नोंदणीकृत डॉक्टर होते आणि त्यांतले जवळपास ३०,००० असे परवानाधारक होते. १९४६ च्या भोर समितीने हा वर्ग बंद करून सगळीकडे एकच, विद्यापीठाची पदवी घेतलेला डॉक्टर असावा अशी शिफारस केली. समितीतल्या काही सदस्यांनी याला लेखी विरोध नोंदवला होता. खेड्यांना लागणारे डॉक्टर इतक्या लवकर आणायचे कुठून, हा त्यांचा सवाल होता. बहुमताचा हेतू उदात्त होता, खेड्यातल्या माणसाला दुय्यम डॉक्टर का द्यायचा? प्रत्यक्षात खेड्याला पहिल्या दर्जाचा डॉक्टर मिळाला नाही आणि दुसऱ्या दर्जाचाही गेला. या इतिहासातला एक तपशील मात्र मला फार महत्त्वाचा वाटतो. जे परवानाधारक आधीच काम करत होते, त्यांच्यासाठी ‘कंडेन्स्ड एम.बी.बी.एस.’ हा छोटा अभ्यासक्रम काढला गेला. अनुभव धरून उरलेलं शिकवायचं आणि पदवी द्यायची. म्हणजे खालच्या पायरीवरून वरच्या पायरीवर नेणारा पूल या देशाने एकदा बांधला होता, आणि त्यावरून गेलेल्या डॉक्टरांमुळे वैद्यकशास्त्राचं आकाश कोसळलं नाही.

इथे सगळ्यात भक्कम आक्षेप येतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ‘गरिबांची मुलं, कमी शिक्षण, गरिबांच्याच गावात काम: म्हणजे श्रीमंतांना डॉक्टर आणि गरिबांना अर्धा डॉक्टर, हीच तुमची समता का?’ याचं उत्तर छत्तीसगडने अर्धवट दिलं आहे. राज्य जन्मल्यावर लगेच, २००१ मध्ये, तिथे कायदा करून तीन वर्षांचा वैद्यकीय अभ्यासक्रम सुरू झाला. वैद्यकीय संघटनांनी तो कोर्टात खेचला, पदविकेची नावं पुन्हापुन्हा बदलली, विद्यार्थी संपावर गेले आणि काही वर्षांतच नवे प्रवेश थांबले. तरी जे बाहेर पडले होते त्यांना ‘ग्रामीण वैद्यकीय सहायक’ म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रांत नेमलं गेलं. मग संशोधकांनी त्यांची एम.बी.बी.एस. वैद्यकीय अधिकाऱ्यांशी तुलना केली. नेहमीच्या प्राथमिक आजारांत हे सहायक त्यांच्या तोडीस तोड निघाले. कामाच्या दर्जाचा प्रश्न असा सुटला. पण दुसरा, न्यायाचा प्रश्न उरतोच. या मुलांना पुढे जायला वाट ठेवली गेली नाही. बढती नाही, एम.बी.बी.एस.कडे नेणारा पूल नाही. आसाममध्येही असाच अभ्यासक्रम निघाला. तो कायदा राज्याच्या अधिकाराबाहेरचा आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दिला, तोवर कित्येक जण आरोग्य केंद्रांत काम करत होते. म्हणून माझं म्हणणं असं, की छोटा अभ्यासक्रम हा अन्याय नाही. छोट्या अभ्यासक्रमात माणसाला कायमचं कोंडणं हा अन्याय आहे. जिन्याची पहिली पायरी बुटकी असतेच, तिच्यापुढे भिंत असेल तर मात्र तो जिना नसून ओटा असतो.

गुणवत्तेचा आक्षेप त्या मानाने सोपा आहे. १८० प्रश्न, ७२० गुण, बरोबर उत्तराला चार, चुकीला वजा एक. ही परीक्षा काहीतरी मोजते, यात शंका नाही. पण दोन वर्षं लाखो रुपये भरून सराव केलेल्या मुलाचा आणि अकरावीत जीवशास्त्राला शिक्षकच नसलेल्या मुलीचा आकडा एकाच फूटपट्टीने वाचायचा कसा? तामिळनाडूने २०२० मध्ये याचं उत्तर आकड्यात शोधलं. सरकारी शाळांत शिकणारी मुलं वैद्यकीय प्रवेशात जवळजवळ दिसेनाशी झाली होती; त्यांच्यासाठी ७.५ टक्के जागा राखल्यावर पहिल्याच वर्षी सुमारे चारशे मुलं एम.बी.बी.एस. आणि बी.डी.एस.ला लागली. तीही ‘नीट’ देऊनच, आपापसांतल्या गुणक्रमाने. मद्रास उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये हा कायदा उचलून धरला. आपल्याकडे पुण्याच्या बी.जे. वैद्यकीय महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी ‘लिफ्ट फॉर अपलिफ्टमेंट’ नावाने गरीब आणि मेळघाट-गडचिरोलीकडच्या मुलांना ‘नीट’साठी मोफत शिकवायला घेतलं आणि त्यांतली मुलं सरकारी महाविद्यालयांत पोचली. काही तरुण डॉक्टरांना जे जमतं ते आदिवासी विकास खात्याला का जमू नये, हा प्रश्न मी इथे सोडून देतो.

‘शिकली की तीही शहरात पळतील’ हा आक्षेप मात्र नीट तपासायला हवा. महाराष्ट्रात सरकारी महाविद्यालयातून एम.बी.बी.एस. झालेल्याला एक वर्ष सेवा द्यावी लागते, नाहीतर दहा लाखांचा दंड. आणि अनेकांनी दंडापेक्षा टाळाटाळ स्वस्त ठरवली आहे. ज्याला खेड्यात राहायचंच नव्हतं त्याला वर्षभर खेड्यात डांबायचं, हा उपाय मुळातच उलटा आहे. दुर्गम भागात कोण टिकतं, याचा जागतिक आरोग्य संघटनेने धांडोळा घेतला. २०१० च्या आणि नंतर २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत तिने ग्रामीण भागात वाढलेल्या विद्यार्थ्यांना प्रवेश देण्यावर भर दिला आहे. दक्षिण आफ्रिकेत क्वाझुलू-नाताल प्रांतातल्या इंग्वावुमा या आडगावातल्या रुग्णालयाने १९९९ मध्ये ठरवलं, की बाहेरून डॉक्टर येत नाहीत तर आपलीच मुलं तयार करू. त्यातून उभी राहिलेली ‘उमथोम्बो’ ही योजना बघण्यासारखी आहे. मुलाने आधी स्थानिक रुग्णालयात काही दिवस विनामोबदला काम करायचं. मग तिथल्या लोकांसमोर मुलाखत. शिक्षणाचा संपूर्ण खर्च योजनेचा, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे विद्यापीठात त्याच्यावर लक्ष ठेवणारा एक मार्गदर्शक, आणि सुट्टीत पुन्हा त्याच रुग्णालयात काम. जितकी वर्षं मदत, तितकी वर्षं सेवा. गावच्या शाळांतून आलेली ही मुलं नव्वद टक्क्यांच्या आसपास पास होत राहिली. त्यांत नुसते डॉक्टर नव्हते. परिचारिका होत्या, औषधनिर्माते, भौतिकोपचार करणारे, क्ष-किरण काढणारे होते. शिष्यवृत्ती तर पुष्कळ जण देतात. फरक पडला तो पाठीशी उभ्या राहणाऱ्या माणसाने.

आणि समजा, सेवेची वर्षं संपल्यावर त्यातली काही गेलीच शहरात, तर जाऊ द्यात. आदिवासी मुलीने जन्मभर आदिवासी गावातच राबावं, अशी अपेक्षा आपण कुठल्या तोंडाने करतो? पुण्याच्या डॉक्टरांचा मुलगा अमेरिकेला गेला तर पेढे वाटतात.

आपल्याकडे कागदावर एक जिना आहे, हे मान्य करायला हवं. बारावी, अगदी कला शाखेतून झालेल्या मुलीलाही, दोन वर्षांची एएनएम करता येते. एएनएमला पुढे तीन वर्षांचं जीएनएम करता येतं, त्यापुढे दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग, मग एम.एस्सी. पण नीट पाहा, प्रत्येक पायरीवर नोकरी सोडायची, पूर्णवेळ शिकायचं, खासगी संस्थेचं शुल्क भरायचं. एएनएम झालेली बाई जीएनएमला गेली तर पुन्हा पहिल्या वर्षापासून सुई टोचायला शिकते. उपकेंद्रात दहा वर्षं लसीकरणाचं सत्र चालवणारी, फ्रीजरमधून काढलेले बर्फाचे पॅक किती घामेजले की लशीसोबत शीतपेटीत ठेवायचे हे हाताने सांगणारी बाई अठरा वर्षांच्या मुलीशेजारी बसते. कंत्राटी असेल तर पगारी रजेचं नावच नाही. हे बदलायला नवं विद्यापीठ लागत नाही. केलेल्या कामाचे तास शिक्षणात धरायचे, शिकताना निम्मा तरी पगार चालू ठेवायचा, आणि जिल्ह्यातल्या सरकारी नर्सिंग शाळांतल्या काही जागा तिथल्याच उपकेंद्रांच्या गावांतून भरायच्या. प्रयोगशाळा, डायलिसिस, क्ष-किरण यांसारख्या पन्नासहून अधिक व्यवसायांसाठी २०२१ मध्ये केंद्राने कायदा केला. त्यात सहायक व्यावसायिकासाठी किमान २,००० तासांचं आणि पदवीच्या वर्गातल्या व्यावसायिकासाठी किमान ३,६०० तासांचं शिक्षण सांगितलं आहे. तास मोजायची भाषा कायद्यातच आली म्हटल्यावर पहिले तास दुसऱ्यात जमा करायला हरकत कुणाची? राज्यांच्या परिषदा अजून आकार घेत आहेत. हे आत्ताच झालं नाही तर नियम एकदा छापले की पुढची वीस वर्षं कुणी हात लावणार नाही.

खर्चाचं म्हणाल, तर न भरलेल्या पदाचाही खर्च असतोच, फक्त तो सरकारच्या हिशेबात न येता गडचिरोलीहून नागपूरला पेशंट नेणाऱ्या जीपवाल्याच्या हिशेबात येतो. आणि काही बदलांना तर खर्चही नाही. नर्सिंगच्या प्रवेशाचा अर्ज पाहा. त्यात बारावीचे किंवा प्रवेश परीक्षेचे गुण, जात, उत्पन्न, अधिवास, आधार क्रमांक असे सगळे रकाने आहेत. आजवर किती बाळांच्या घरी सहा-सहा भेटी दिल्या, किती वजनं केली, कितींना वेळेत दवाखान्यात पोचवलं, यासाठी त्यात एकही रकाना नाही. तो आकडा मात्र आरोग्य केंद्राच्या रजिस्टरमध्ये, आशाताईच्या नावापुढे, दर महिन्याला लिहिला जातो.